ग्रंथोक्त भाजी

भाजी करायला शिकायचं ठरवलंत? उत्तम. मग आधी मंडईत जाऊ नका, पुस्तकांच्या दुकानात जा. शाकाहारी पाककृतींचं जे सगळ्यात जाड पुस्तक असेल ते उचला. निदान हजार पाककृती हव्यात. आपल्या घरी आलटूनपालटून सातच भाज्या होतात आणि त्यातल्या दोन बटाट्याच्या असतात, हा विचार गल्ल्यापाशी मनात आणू नये. घरी आल्यावर पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घाला आणि ते ओट्यापासून लांब, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. तेला-हळदीच्या हातांनी उघडायची वस्तू नव्हे ती.

सुरुवातीची पंचवीस-तीस पानं सोडून द्या. कुठली भाजी धुऊन चिरायची, कुठली चिरून पाण्यात टाकायची, असल्या किरकोळ गोष्टी तिथं कोंबलेल्या असतात. वांगं चिरून तसंच ठेवलं की फोडी काळ्या पडतात, हे तुम्हाला तसंही दिसणारच आहे. त्यासाठी वाचायचं कशाला?

थेट भेंडीवर या. 'भेंडी धुऊन, पुसून, चिरावी' असं पुस्तकात असेल. यातलं 'पुसून' ही छपाईची चूक समजा. एकेक भेंडी फडक्यानं पुसत बसायला आपण काय सोनार आहोत? उलट आधी चिरा आणि मग ते काप चाळणीत घेऊन नळाखाली धरा. बोटांना तारा सुटायला लागल्या की समजावं, हात बसतोय. काप कढईत पडल्या पडल्या मीठ घाला, म्हणजे आत राहिलेलं पाणीही बाहेर येईल. वर घट्ट झाकण ठेवा, वाफ वाया जाता कामा नये. आणि दर अर्ध्या मिनिटानं झाकण काढून कालथ्यानं नीट घोटा. शेजारच्या काकू डोकावून म्हणतील, "अगं, दोन आमसुलं टाक, तार तुटते. आणि झाकण काढ बाई, मीठ शेवटी घाल." काकूंकडे पुस्तक नाही, हे लक्षात ठेवा. दहा मिनिटांत मुलांच्या पतंगांना पुरेल एवढी खळ तयार होते.

फोडणीबद्दल पुस्तक फार बोलत नाही. 'नेहमीप्रमाणे फोडणी करावी,' एवढंच. नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या, हे लेखिका आणि तिच्या सासूबाईंनाच ठाऊक. आपण तेल गार असतानाच मोहरी, हिंग, हळद सगळं एकदम टाकावं. पुढं हळद जळून काळी होते आणि मोहरी तेवढी कच्चीच राहून दाताखाली कडवट लागते. मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं, हिंग-हळद त्यानंतर, असं म्हणणारी माणसं निवांत असतात. त्यांना ऑफिस नसतं.

मापाचं मात्र काटेकोर पाळा. 'चवीपुरते मीठ' असं दिसलं की लगेच इलेक्ट्रॉनिक काटा मागवा आणि चव किती ग्रॅमची भरते ते पाहा. चमच्याचं टोक जिभेला लावून बघणं हे अशास्त्रीय आहे. 'एक वाटी' म्हटलं की घरातल्या पाच आकारांच्या वाट्यांपैकी जी घासलेली असेल ती घ्यावी.

या काट्याचं खरं तेज मेथीत दिसतं. जुडी निवडा, चिरा, कढईत घाला. कढईच्या काठावरून ओसंडणारा हिरवागार ढीग दिसेल. आता त्या ढिगाला पुरेल एवढं मीठ घाला. पाच मिनिटांनी तळाशी मूठभर मेथी उरते आणि मीठ मात्र ढिगाचंच राहतं. मी पहिल्यांदा केली तेव्हा घरच्यांनी चवीनं खाल्ली. म्हणजे बोटाच्या टोकावर घेऊन, लोणच्यासारखी.

रंग गेला तर घाबरू नका, चिमूटभर सोडा आहे. पानं अशी हिरवी राहतात की प्लॅस्टिकची वाटावीत. त्यांचा लगदा होतो आणि ब-१ जीवनसत्त्व नाहीसं होतं, पण फोटोत जीवनसत्त्व कुठं दिसतं?

एवढं जमलं की पाहुणे बोलवा आणि अळूचं फदफदं करा. पहिल्यांदाच, त्याच दिवशी. यादीतली चिंच 'आमच्याकडे आंबट चालत नाही' म्हणून खुशाल गाळा. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यात चिंच किंवा आमसूल पडत आलंय. पण पिढ्यांचं काय घेऊन बसलात? घालायचीच असेल तर चणाडाळ कच्ची असतानाच चिंचेचा कोळ ओता. आंबटात डाळ मऊ होत नाही, त्यामुळे पाहुण्यांना खाजही आणि खुळखुळाही. दुसऱ्यांदा कुणी वाढा म्हणत नाही. वेळ वाचतो.

शेवटची सूचना: पुस्तक वारसाहक्कानं आलेलं असेल तर खोडरबर जवळ ठेवा. जुन्या बायकांना समासात लिहायची खोड असते. माझ्याकडच्या प्रतीत भरल्या वांग्यांचं पान तेल पिऊन इतकं पारदर्शक झालंय की मागचं सुरण वाचता येतं. तिथं पेन्सिलीनं लिहिलंय, 'कूट जास्त. गूळ सुपारीएवढा. यांना आवडली, बोलले नाहीत.' ते मी साफ पुसून टाकलं. मेथीच्या पानावर मात्र आईनं शाईनं लिहून दोनदा अधोरेखित केलंय: 'आधी बसू दे. मग मीठ.' ते काही केल्या निघत नाही.