जामीन हवा? आधी जमीन घ्या

चोरीचा आरोप कुणावरही येऊ शकतो. तुम्ही विमा काढता, मृत्युपत्र करता, मग या एका प्रसंगाचीच तयारी का नाही? पहिला सल्ला साधा आहे: आरोप येण्याआधी थोडे श्रीमंत होऊन घ्या. फार नको. ज्याच्या नावावर सातबारा आहे, असा एखादा माणूस हाकेला 'ओ' देईल, इतपत. जामीन आणि जमीन यांत फरक फक्त एका कान्याचा, आणि तोही कोर्टाच्या कारकुनाच्या टेबलावर पुसला जातो.

जामिनाच्या वेळी न्यायाधीश तुम्ही चोरी केली की नाही ते बघतात, असं तुम्हाला वाटत असेल. नाही हो. ते खटल्यात, आणि खटला अजून लांब आहे. आत्ता बघायचं ते एवढंच, की माणूस तारखेला येईल का, पळून जाईल का, साक्षीदारांना दम देईल का. साध्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद, हे तर 1977 पासून सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा कायद्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते कायदा संपून कागद सुरू होतात तिथे.

समजा पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी संपली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, वकिलांनी अर्ज टाकला आणि तो मंजूरही झाला. अभिनंदन! आदेशात लिहिलेलं असतं, अमुक हजारांचा जातमुचलका (म्हणजे तुमची स्वतःची लेखी हमी) आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. यातला 'सक्षम' हा शब्द नीट वाचा. दंड-बैठका मारणारा चालत नाही. ऐपतीचा दाखला लागतो.

तुमचा चुलतभाऊ एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. कारकून पिशवी उलटसुलट करतो आणि विचारतो, "सातबारा?" आहे, पण जुना. नवा काढून आणा. चुलतभाऊ दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवतो. नवा सातबारा येतो, त्यावर आजोबांचं नाव, खाली अकरा वारस, आणि चुलतभाऊ त्यात सातवा. तिसऱ्या दिवशी कसंबसं जमतं आणि त्याला साहेबांसमोर उभं करतात. आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट बघणारा माणूस तो. "आरोपी तुमचा कोण लागतो?" चुलतभाऊ घाबरून सांगतो, "कुणी नाही, साहेब." तुम्ही पुन्हा आत.

म्हणून दुसरा सल्ला: आरोप शक्यतो आपल्याच जिल्ह्यात ओढवून घ्या. पोटासाठी दुसरीकडे गेला असाल, तर आरोपापुरतं तरी गावी परता. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याने ही काळजी घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं, खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, सबब नामंजूर. बिचाऱ्याला पुन्हा दिल्ली गाठावी लागली. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला लावलं आणि गरिबाकडे असे जामीनदार मागण्याबद्दल खडसावलंही. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, हे 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत एका माणसाला उपनिरीक्षक होऊन निवृत्तही होता आलं असतं.

(तुमच्यातले काही म्हणतील, चोराला कसला आलाय जामीन! त्यांनी कृपया हा लेख जपून ठेवावा. उपयोगी पडेल.)

नातेवाईक अगदीच फाटके असतील, तर आवारात झाडाखाली परोपकारी मंडळी बसलेली दिसतील. मोबदला ठरला की ते तुमचे मावसमामा होतात. पण त्यांचा दाखला खोटा निघाला, तर चोरीच्या जोडीला फसवणुकीचं कलम लागू शकतं, हे लक्षात ठेवून काय तो भाव करा.

हे काहीच जमलं नाही तरी खचू नका, आत सोबत भरपूर आहे. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन गुन्हा सिद्ध न होताच आत. नवीन कायदाही दयाळू आहे. आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि दुसरी प्रकरणं मागे लागलेली नसतील, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे. तीन वर्षांचा तिसरा हिस्सा एक वर्ष. म्हणजे निर्दोष असाल तरी वर्षभरच.

आणि घाई असेल, तर सर्वांत जवळची वाट सांगतो: कबूल करून टाका. खटला लढायचा म्हटलं तर जामीनदार हवा, सातबारा हवा. गुन्हा कबूल करायला एक कागद लागत नाही. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच शिक्षा आणि माल परत केलेला, तर नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे, तुरुंग नाही. माल मोठा असेल, तर जेवढे दिवस आत काढलेत तेवढीच शिक्षा देऊन साहेब सोडून देण्याची शक्यता बरी असते. चोरी केली नव्हती म्हणून अडून बसलेला शेजारचा मात्र बराकीत भिंतीवर रेघा मोजत राहील.

बाहेर आलात की एक फायदा आणखी. 'आरोपीचा राहण्याचा पत्ता निश्चित नाही' असं यापुढे तुमच्याबद्दल कुणी म्हणणार नाही. वस्तीत कुठेही कुलूप तुटलं, की पोलीस रात्री दोन वाजता बरोबर तुमच्याच दाराशी येतील.