म्हैस पुढं, ठोकर मागं

गंगावेशीत संध्याकाळी म्हैस आडवी आली की थांबायचं, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. दूधकट्ट्याकडं निघालेली म्हैस म्हणजे ड्युटीवरची म्हैस. तिकडं गिऱ्हाईक उभं असतं. डोळ्यांदेखत काढलेली धार फेसासकट प्यायची, मिशी पुसायची आणि घर गाठायचं. अशा म्हशीला हॉर्न मारणं म्हणजे अँब्युलन्सला 'बाजूला घे' म्हणण्यातला प्रकार.

त्या जुलैतल्या संध्याकाळी चंद्री (नाव नंतर कळलं) रस्त्याच्या मधोमध आली, थांबली आणि मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. मी ब्रेक दाबला. माझी गाडी थांबली. मागची थांबली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. शहाळं फोडल्यासारखा झाला आणि मागचा बंपर रस्त्यावर आला. चंद्रीनं एकदा कान हलवला आणि ती चालू पडली. माझ्या आयुष्यातले पुढचे तीन महिने तिनं एका कानात हलवून टाकले, असं आता वाटतं.

मी खाली उतरलो, मागचा गृहस्थ खाली उतरला आणि आमच्याआधी चाळीस माणसं उतरली. ती कुठून उतरली ते सांगता येणार नाही. कोल्हापुरात माणूस एरवी घरात असतो, पण रस्त्यावर काही वाजलं की तो आधीपासून तिथंच असतो.

"ब्रेक मारायला कुणी सांगितलं तुमास्नी?" मागच्याचा पहिला प्रश्न.

"म्हशीनं," मी म्हणालो.

मग न्यायदान सुरू झालं. पानवाल्याच्या मते चूक मागच्याची. भाजीवाल्या मावशींच्या मते दोघांचीही, कारण "चालत यायला काय झालंय?" एका म्हाताऱ्या आजोबांच्या मते चूक महापालिकेची, पण ते बोलायला लागले तेव्हा रस्ता, पाणी, हद्दवाढ असं सगळंच निघालं आणि लोकांनी त्यांना हळूच मागं सारलं. शेवटी शिवाजी पेठेतल्या एका पोरानं निकाल दिला. अंगात फुटबॉलची जर्सी होती. म्हणाला, "मागनं टॅकल हाय काका. डायरेक्ट रेड कार्ड." मला तो मुलगा फार हुशार वाटला.

मागचा गृहस्थ मात्र रेफ्रीचं ऐकेना. आणि इथंच घात झाला. कोल्हापुरात दोन माणसं दहा मिनिटं भांडली की गावं विचारली जातात, अकराव्या मिनिटाला नातं निघतं. हा आमच्या मावशीच्या नणंदेच्या चुलत दिराचा साडू निघाला. कागलचा. म्हणजे पावणा! पावण्याला शिवी देता येत नाही आणि पैसेही मागता येत नाहीत. चाळीस माणसांची घोर निराशा करून आम्ही एकमेकांना चहा पाजला. "बघू की पावणं, होऊन जाईल," असं दोघंही म्हणालो. काय होऊन जाईल, ते कुणीच म्हणालं नाही.

जाता जाता चौकीत डोकावलो. हवालदारांनी विचारलं, "कुणाला लागलंय?"

"नाही."

"म्हशीला?"

"नाही."

"मग कशाला आलाय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गाडी नेली. मिस्त्रीनं वाकून बघितलं, बोटानं पत्रा वाजवला आणि म्हणाला, "सहा हजारांत काढून देतो. बंपरला टाके घालतो, पत्रा हातोडीनं वर घेतो. कंपनीच्या नादाला लागू नका." हा सल्ला ऐकला असता तर हा लेख झाला नसता. पण माझा मेव्हणा विमा एजंट आहे. तो म्हणाला, "दाजी, वर्षाला हप्ता भरताय ते कशाला? क्लेम टाकायचा."

क्लेम फॉर्ममध्ये 'अपघाताचे वर्णन' या सदराला चार ओळी असतात. मी जोडपत्र लावलं. त्यात गंगावेस, वेळ, पावसाची भुरभुर, म्हशीची चाल आणि माझी सावधगिरी असं क्रमानं दोन पानं लिहिलं. आठवड्यानं कंपनीचा माणूस गाडी बघायला आला. तरुण होता, शहरात नवीन असावा. एकदा गाडीकडं, एकदा माझ्या जोडपत्राकडं बघून म्हणाला, "सर, तुम्ही अपघाताचं कारण 'म्हैस' लिहिलंय."

"होय."

"म्हैस पुढं होती."

"होय."

"नुकसान मागं आहे."

"होय."

"मग म्हैस मागं कधी आली?"

मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, 'विमाधारकाच्या कथनात विसंगती'. मेव्हणा कपाळाला हात लावून बसला. "दाजी, 'मागून वाहनाने धडक दिली', एवढंच लिहायचं. म्हैस कशाला आणली मध्ये?" मी कुठं आणली? ती आपली आपण आली होती.

तेवढ्यात कागलहून पावण्याचा मेसेज. आधी अंबाबाईचा फोटो, खाली 'शुभ सकाळ' आणि त्याच्या खाली: 'पावणं, आमच्या कंपनीला लिहून दिलंय की तुमी म्हशीला घाबरून रिव्हर्स घेतला. हेडलाईटचे ९,००० झालेत. सवडीनं बघा.' शेवटी हात जोडलेले दोन.

पैशाचं मला काही वाटलं नाही. पण 'म्हशीला घाबरून'? ज्या गावात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना नटवून मिरवतात, त्या गावचा माणूस म्हशीला भ्याला, आणि तेही कुठल्याशा विमा कंपनीच्या दप्तरात कायमचं? मी ठरवलं, चूक कुणाची याचा लेखी निकाल लागल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

"निकाल पाहिजे?" मेव्हणा म्हणाला. "मग नीट ऐका. तुमची गाडी तुमच्या पॉलिसीतनं करायची म्हणजे 'ओन डॅमेज'. त्यात चूक कुणाची, हे कंपनी ठरवत बसत नाही. तुमची असली तरी पैसे देती, त्याची असली तरी देती."

"मग माझा निर्दोषपणा?"

"त्याला कॉलम नाही."

मला हे फार लागलं. लायसन दाखव, गाडीचं कार्ड दाखव, पीयूसी दाखव, सगळं मागितलं. चूक कुणाची होती एवढं एक कुणी विचारेना!

मेव्हण्यानं दुसरा रस्ताही सांगितला. पावण्याच्या थर्ड पार्टी विम्यातून माझं नुकसान वसूल करायचं. खासगी गाडीच्या पॉलिसीत समोरच्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतची सोय असते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, त्याची चूक शाबित करायची, साक्षीदार आणायचे. जर्सीवालं पोरगं आणता येईल, असं मी म्हणून बघितलं. हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळवायला कोल्हापूरनं चाळीस वर्षांवर आंदोलन केलं, तेव्हा कुठं १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. तेवढी चिकाटी गावाच्या रक्तातच आहे, पण बंपरसाठी ती वापरावी का, हा प्रश्न बायकोनं विचारला. शिवाय पावण्याला कोर्टात खेचलं तर मावशीच्या घरच्या लग्नात कुठल्या पंगतीला बसायचं?

एका गोष्टीचं मात्र समाधान मिळालं. मागच्या गाडीनं पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायचं, पुढची अचानक थांबली तरी आपल्याला थांबता आलं पाहिजे, हे नियमातच लिहिलेलं आहे. मी ते पावण्याला पाठवलं. पावण्यानं उलट जोतिबाचा फोटो पाठवला.

शेवटी मी नवं वर्णन लिहिलं. एका ओळीत, म्हशीविना. क्लेम पास झाला. बिल १८,४०० रुपये. त्यातून काय काय गळालं, ते मेव्हण्यानं सांत्वनाला आल्यासारखं बसून वाचून दाखवलं. बंपर ३,८००, प्लॅस्टिक म्हणून निम्मे. मागचा दिवा १,६००. तोही प्लॅस्टिक, निम्मे. डिकीचं दार ७,५००. पत्रा, पण गाडी सात वर्षांची, म्हणून ४० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. रंगकाम ४,०००, त्यातले ५०० कापले. मजुरी १,५००, पूर्ण मंजूर. वर सक्तीची वजावट १,०००. हातात ११,२००.

"काचेला घसारा नसतो दाजी," तो म्हणाला. "काच फुटली असती तर तिचे पूर्ण मिळाले असते." माझी मागची काच ठणठणीत होती. मी तिच्याकडं जरा रागानंच बघितलं.

"म्हणजे खिशातनं किती गेले?" आतून आवाज आला.

"सात हजार दोनशे," मी म्हणालो.

"मिस्त्री किती म्हणत होता?"

मी पेपर वर धरला.

खरा घाव पुढंच होता. इतकी वर्षं क्लेम न केल्यानं मला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, होती. ती आता शून्य. चूक नसली तरी शून्य. पुढं वर्षावर्षानं २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५० वर यायचं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सात हजार धरला तर पाच नूतनीकरणांत मिळून ८,७५० रुपये जादा जाणार. बायकोनं कॅलेंडरच्या मागं बेरीज मांडली: ७,२०० अधिक ८,७५०, बरोबर १५,९५०. त्याच्याखाली ६,००० लिहिलं आणि दोन्हीला गोल केला. पुढं बोलली काही नाही. ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे, पण उलटं.

पावण्याचे ९,००० तसेच राहिले. तो मागत नाही, मी देत नाही. रोज सकाळी फोटो येतो.

पाडव्याला पंचगंगेच्या घाटाकडं म्हशी बघायला गेलो. शिंगं रंगवलेली, पायांत घुंगरू, डोक्यावर मोरपिसं. एक गवळी मोटारसायकलचा आवाज काढत सुसाट निघाला आणि त्याच्यामागं नटलेली म्हैस जीव तोडून पळत सुटली. मधेच त्यानं कचकन ब्रेक मारला. म्हैस त्याच्या मागं बरोबर दोन हातांवर थांबली. ठोकर नाही, काही नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं तेव्हा ओळख पटली. चंद्री!

गवळ्यानंही मला ओळखलं. गाडी बाजूला लावून जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं एक काम होतं. म्हस इकायची म्हणतोय. पर गंगावेशीत सगळी म्हणत्यात, ही ॲक्सिडेंट केल्याली म्हस हाय. गिऱ्हाईक भाव पाडतंय. हिची काय चूक नव्हती, एवढं लिहून द्या की."

मी खिशातलं मिठाईच्या दुकानाचं बिल काढलं आणि पाठकोऱ्या बाजूवर सविस्तर लिहिलं. जागा, वेळ, पावसाची भुरभुर. सदर म्हैस रस्त्याच्या मध्यभागी स्वस्थ उभी होती व अपघातास ती कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. मी म्हशीस घाबरलो नव्हतो, हेही ओघात घातलं. खाली सही, तारीख.

गवळ्यानं कागद उलटसुलट करून बघितला.

"शिक्का न्हाई व्हय?"