लोह–कार्बोनिल बंध: 174 की 118? प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

एका लोह-अणूला पाच कार्बन मोनॉक्साइड रेणू जोडलेले असतात त्या लोहाच्या पेंटाकार्बोनिलमधील लोह–कार्बन बंधाची ऊर्जा (बंध तोडायला लागणारी ऊर्जा) मी माझ्या लेखात 174 किलोजूल प्रति मोल दिली, ती पाठ्यपुस्तकातील 118 शी जुळत नाही, आणि काचेचे भांडे तापवून जे मोजता येते त्यासाठी लेसरचा खटाटोप कशाला, असे दोन आक्षेप आपण नोंदवले आहेत. पहिल्याला माझी ढिलाई कारणीभूत आहे. ‘पहिला बंध’ असे मी स्पष्ट लिहायला हवे होते.

वायू अवस्थेत पाचही कार्बन मोनॉक्साइड सुटून एकटा लोह-अणू उरेपर्यंत सुमारे 590 किलोजूल लागतात. त्यांना पाचाने भागले की आपले 118 येतात. पहिल्यालाच 174 लागले, तर उरलेल्या चौघांच्या वाट्याला 416, म्हणजे सरासरी 104 उरतात. निकेल-अणूला चार कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये नेमके उलटे आहे: सरासरी सुमारे 147, पण पहिला बंध साधारण 105 मध्येच तुटतो. ही संयुगे अतिशय विषारी असल्याने नागपूरच्या आमच्या महाविद्यालयात ती कधी हाताळली नाहीत, पण हे दोन हिशेब मी फळ्यावर शेजारी शेजारी मांडत असे, कारण सरासरी पाहून पहिल्या बंधाचा अंदाज बांधण्याची चूक विद्यार्थी हमखास करत.

आता लेसरविषयी. तापलेल्या काचेवर पेंटाकार्बोनिलच्या वाफेतून धातूचा करडा, आरशासारखा थर धरतो, आणि एकदा तो धरला की पुढचे विघटन त्याच पृष्ठभागावर होऊ लागते. मग आपण मोजतो तो वेग भिंतीवरच्या घडामोडीचा असतो. म्हणून वाफेत सल्फर हेक्साफ्लोराइड मिसळतात. हा वायू कार्बन डायऑक्साइड लेसरचा 10.6 मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, टकरांतून ती उष्णता इतर रेणूंना देतो, आणि मधला वायू तापलेला असताना भिंत गार राहते. तापमान थेट मोजणे कठीण जाते. त्यासाठी ज्याच्या विघटनाचा वेग आधीच नीट माहीत आहे असे दुसरे संयुग सोबत ठेवून तुलना करतात. 174 हा आकडा 1984 मध्ये याच पद्धतीने मिळाला.

मला स्वतःला अधिक सतावणारी शंका वेगळी आहे. वेगावरून हाती येते ती सक्रियण ऊर्जा, म्हणजे विघटन घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, आणि तिला बंध ऊर्जा म्हणताना परतीच्या वाटेवर, म्हणजे सुटलेला कार्बन मोनॉक्साइड पुन्हा जोडला जाताना, अडथळा नाही असे धरावे लागते. पेंटाकार्बोनिलमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, तर एक कार्बन मोनॉक्साइड सुटल्यावर उरणाऱ्या लोहाच्या टेट्राकार्बोनिलच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत दोन सुटे असतात. हा तुकडा कोणत्या अवस्थेत निघाला, यावर आकड्याचा अर्थ ठरतो. लेखातील वाक्यात ‘पहिला बंध’ हे शब्द आणि ही अट, दोन्ही आता घातली आहेत.