दारातली तपासणी: 'एक पुणेकर' यांना उत्तर

नमस्कार,

जर्मन नागरिकत्वाच्या परीक्षेवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "जर्मनीने आत घेतानाच माणसं नीट पारखली असती, त्यांची मूल्यं तपासली असती, तर आज ही वेळ आली नसती. तुम्ही तिथे सुखात बसून उदारमतवाद शिकवता." सुखाचं म्हणाल तर श्टुटगार्टची घरभाडी एकदा बघा. बाकीचं जरा सविस्तर लिहितो.

पारख झालीच नाही, हे खरं नाही. ३० ऑक्टोबर १९६१ला तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार झाला आणि इस्तंबूलच्या जर्मन कार्यालयात दात, छाती, लघवी, सगळं तपासून माणसं निवडली गेली. बैलबाजारात बघतात तशी. फक्त ही माणसं इथेच राहिली तर काय, हे कुणी विचारात घेतलं नाही. दोन वर्षांनी परत जायची अट होतीच ना! पण शिकवून तयार केलेला कामगार घालवून नवा आणायचा हे कारखानदारांनाच परवडेना. १९६४मध्ये ती अट गेली. १९७३मध्ये भरती बंद झाली. आता गेलो तर परत येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी उलट बायकामुलांनाच इकडे बोलावून घेतलं. आणि या लोकांना भाषा शिकवायचा देशभराचा सरकारी अभ्यासक्रम कधी सुरू झाला? २००५मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी. माझ्या मते घोळ इथे आहे, दारात नाही.

तुम्हाला हवी तशी मूल्यांची तपासणीही आमच्याच राज्यात होऊन गेली. २००६पासून बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी तीस प्रश्नांची यादी होती. तुमचा सज्ञान मुलगा येऊन म्हणाला, मी समलिंगी आहे, मला एका पुरुषाबरोबर राहायचंय, तर तुम्ही काय कराल? असे प्रश्न. रोख होता ५७ मुस्लिम देशांतून आलेल्यांवर. भारत त्या यादीत नसल्यामुळे आपण सुटलो. आमच्या गणपतीला येणाऱ्या काही काकांना हा प्रश्न खरंच विचारला असता तर? गंमत म्हणजे काका पास झाले असते. समोर साहेब बसलाय, फाइल उघडी आहे, तर कुठलं उत्तर द्यायचं एवढं कुणालाही कळतं. खोटं बोलणारा सुटतो आणि भाबडा, खरं सांगणारा अडकतो. २०११मध्ये सरकार बदललं आणि ती यादी गेली.

नागरिकत्वाची आत्ताची परीक्षा २००८पासून आहे. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. मोबाइलवर रोज दहा प्रश्न घोकून मीही पास झालो. आमच्या राज्याच्या चिन्हावर तीन काळे सिंह आहेत हे आता झोपेतही सांगेन. मागच्या लेखात मी या परीक्षेची टर उडवली, ते जरा सैल लिहिलं गेलं, हे मान्य. संसद, न्यायालय, मतदान यांची तोंडओळख तरी होते. पण चाळणी म्हणून तिचा उपयोग नाही. खरी चाळणी कागदोपत्री असते: इतकी वर्षं राहिलात का, स्वतःच्या कमाईवर जगता का, गुन्ह्यात शिक्षा झालीय का, आणि राज्यघटनेच्या संरक्षणासाठी असलेल्या गुप्तचर खात्याकडे तुमच्याविरुद्ध काही आहे का. बहुतेक प्रश्न माणसाने काय केलं याचे. तो मनात काय मानतो, याबद्दल घटनेशी निष्ठेची लेखी कबुली घेतात, त्यापलीकडे फारसं काही नाही.

आता तुम्ही न्यायालयाचा २०२०चा तो निकाल पुढे कराल, म्हणून मीच करतो. लेबनॉनहून २००२मध्ये आलेला, इथेच शिकलेला डॉक्टर. परीक्षेत पूर्ण गुण. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र देताना महिला अधिकाऱ्याने हात पुढे केला, याने मिळवला नाही, आणि प्रमाणपत्र हातात पडलंच नाही. राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानेही तो नकार योग्य ठरवला. इथे न्यायालयाने वागणूकच तपासली, म्हणजे माझ्याच नियमाने गेलं. तरी इतकी वर्षं इथे शिकून डॉक्टर झालेल्या माणसाचा हिशेब एका हस्तांदोलनावर लावायचा का? बायको म्हणते, हो, लावायचा. तो हात तिचा असता तर. त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.