कुत्र्याला अद्दल घडली की ते शिकतं? नाही शिकत

‘पाळीव प्राण्यांना सुरक्षेचे धडे’ असा एक गमतीचा मेसेज सध्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर फिरतोय. लोक तो वाचून हसतात आणि मग खरंच तसं वागतात, म्हणून लिहितोय.

त्यात पहिलं वाक्य आहे, ‘काय खावं हे जनावराला उपजत कळतं.’ अजिबात कळत नाही. मागच्या थंडीत आमच्याकडे भरीत पार्टी झाली. उरलेलं भरीत कळण्याच्या भाकरीत कुस्करून मीच आमच्या कुत्र्याला, मोतीला घातलं, त्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली. आपल्या भरितात कांद्याची पात आणि लसूण सढळ हातानं पडतात. कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. तिसऱ्या दिवशी मोती जिना चढेना. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी. डॉक्टरांमुळे वाचला. मांजराला तर कांदा याहून जास्त बाधतो.

‘एकदा अद्दल घडू द्या, पुन्हा वाटेला जाणार नाही’ हे दुसरं. अद्दल त्याच क्षणी घडली तर त्याला संबंध लागतो. तीन दिवसांनी आलेला अशक्तपणा मोती भरिताशी कसा जोडणार? शेतातल्या घरी ठेवतो त्या उंदराच्या औषधाचंही तेच. त्यातली बरीच औषधं रक्त गोठू देत नाहीत. दोन-तीन दिवस कुत्रं धडधाकट दिसतं, मग आतून रक्त वाहायला लागतं. संशय आला की वाट बघू नका, औषधाची पुडी सोबत घेऊन जनावरांचा दवाखाना गाठा. व्हिटॅमिन के वेळेत मिळालं तर वाचण्याची चांगली आशा असते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर मात्र काहीच हातात राहत नाही, तिथं आधी दिलेली लसच कामाची.

‘गावठी कुत्र्याला ऊन लागत नाही.’ लागतं! त्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 गाठतो, डांबर त्याहून तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. नाही टेकवता आली, तर फिरणं पहाटे.

शिकवायचंच तर ‘सोड’ शिकवा. तोंडात चप्पल असताना नाकाशी भाकरीचा तुकडा न्यायचा, ‘सोड’ म्हणायचं, सोडली की तुकडा लगेच द्यायचा. ओरडायचं नाही. गेल्या आठवड्यात मोतीनं अंगणातून कांद्याची पात उचलली होती. एका ‘सोड’वर टाकली आणि माझ्या खिशाकडे बघत बसला.