नेढं

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पहिल्या महिन्यात "आता काय, निवांत!" म्हणणारी माणसं हल्ली "मग, दिवसभर करता काय?" असं जरा काळजीने विचारतात. कालचं सांगतो. सकाळी दहा ते सव्वाअकरा मी शर्टाच्या बाहीचं एक बटण लावत होतो. त्यातली चार मिनिटं बटणाला लागली. बाकीचा वेळ सुईत दोरा ओवण्यात गेला.

चूक माझीच. "अहो, बटण लोंबतंय, लावून देऊ का?" असं बायकोने विचारलं होतं. पस्तीस वर्षं फायलींशी झुंजलेला माणूस बटणाला काय घाबरतो! "राहू दे, मी बघतो," म्हणालो. ती ताबडतोब बाहेर निघून गेली. इतक्या लगबगीने, की पुढचं सगळं तिला माहीत असावं.

सुयांच्या पाकिटातली सगळ्यात मोठ्या नंबरची सुई मी मुद्दाम उचलली. मोठा नंबर म्हणजे मोठी सुई, मोठी सुई म्हणजे मोठं नेढं, हे माझं शास्त्र. ते उलटं निघालं. चष्म्याचा नंबर वाढला की काच जाड होते, सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. दोन्हींचे नंबर ठरवणाऱ्यांनी एकदा तरी एकत्र बसायला हवं होतं.

दोरा जिभेवर ओला केला, चिमटीत धरला, नेम धरला. चुकला. पुन्हा धरला, तर टोकाला दोन शेंडे. तिसऱ्यांदा बघतो तो दोऱ्याचा पीळच उलगडलेला आणि एकाचे तीन झालेले. त्यातला एक शहाणा नेढ्यातून पलीकडे गेला, दोघे अलीकडे हटून बसले. आमच्या ऑफिसातल्या समितीची आठवण झाली.

उजेडात बरं दिसेल म्हणून खिडकीशी गेलो आणि सुई आभाळाकडे धरली. पण माझा चष्मा दुहेरी भिंगांचा. वाचायचा नंबर तळाला, त्यामुळे वर धरलेली सुई बघायला हनुवटी छताकडे न्यावी लागते. अशी दोन भिंगं कापून एका चौकटीत बसवलेला चष्मा बेंजामिन फ्रँकलिन वापरत असे. 1785 साली मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याचं कौतुकही केलं आहे. पत्र लिहायला चष्मा उत्तमच. बटण लावायचा प्रसंग बहुधा त्याच्यावर आला नसावा.

मान अवघडलेल्या त्या अवस्थेत मला आजी आठवली.

आमच्या घरात सुई ओवण्याचं खातं माझ्याकडे होतं. दहाव्या वर्षी माणसाला डोळ्यांपासून 7-8 सेंटीमीटरवरची वस्तूसुद्धा स्वच्छ दिसते. डोळ्यातलं भिंग तेव्हा लवचिक असतं. पुढे ते ताठर होत जातं आणि साठीपर्यंत हेच अंतर जवळजवळ मीटरभर होतं. हात काही तेवढा लांब नसतो. आपल्या भाषेने मात्र या दुखण्याला, त्याच्या वयाला आणि त्यावरच्या चष्म्याला मिळून 'चाळिशी' हा एकच शब्द देऊन काम उरकलं आहे.

पण तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं? एवढं ढळढळीत भोक आजीला दिसत नाही म्हणजे ती सोंग करते, अशी माझी खात्री होती. खेळ रंगात आला की नेमकी तिची हाक यायची, "अरे, एवढा दोरा ओवून दे रे." ती आंधळेपणाने सुईच्या आसपास दोरा टोचत बसलेली असायची. मी एका फटक्यात ओवायचो आणि वर "त्यात काय आहे?" म्हणायचो. ते "त्यात काय आहे" काल मला पन्नासेक वर्षांच्या व्याजासकट परत मिळालं.

पुन्हापुन्हा हाक नको म्हणून मी एक युक्ती काढली होती. दोरा वीतभर न ओवता चांगला दोन-तीन वाव ओवायचा. मग त्याचा गुंता व्हायचा, आजी तो सोडवत बसायची आणि मी पसार. तेही जमलं नाही तर शेवटचा उपाय होता. एरवी अंघोळ म्हटलं की पळणारा मी, आजीच्या हातात रीळ दिसलं की आपणहून अंघोळीला जायचो.

सव्वाअकराला पाच-सात मिनिटं कमी असताना मी शरण गेलो आणि नातीला हाक मारली. ती मोबाइलवरची नजर न काढता आली. सुई घेतली, दोरा ओवला. "त्यात काय आहे, आबा?" म्हणाली आणि निघूनही गेली. दोरा पाहिला, तर दारापर्यंत पोचेल एवढा! मी लहानपणी कसा होतो, हे तिला कुणी सांगितलं असेल?

मी गुंत्याच्या भानगडीत पडलो नाही. हातभर दोरा ठेवून बाकीचा कापून टाकला आणि मोठ्या ऐटीत बटण लावून गाठ मारली. मग दुसरी बाही पाहिली. तिचंही बटण लोंबत होतं. सुई रिकामी, दोऱ्याचं भेंडोळं हातात.

"अगं चिमणे, जरा येतेस का?"

"आबा, मी अंघोळीला चाललेय!"