पर्लचं श्राद्ध घालण्याआधी

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. शेवटचा पाठवला माझ्या भाच्याने, खाली एक ओळ जोडून: 'मामा, तू अजून यातच आहेस ना?' मजकुराचं सार असं: पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा मेलेली आहे. पर्ल ६ च्या घोळात ती संपली, पर्ल ७ जाहीर करून गुंडाळली, त्यानंतर नवीन काही आलं नाही, सांभाळायला कुणी उरलं नाही, लिहिलेलं परत वाचता येत नाही, मराठीसाठी तिचा उपयोग नाही आणि नोकऱ्या तर नाहीतच.

नोकऱ्यांचं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. बाकीचं मात्र मला गप्प बसून वाचवत नाही. २००९ पासून मी लालबागच्या एका छापखान्यासाठी दिवाळी अंकांचा जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे एकसारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत, आणून देतो आणि ते सगळं काम पर्लमध्ये चालतं. जी भाषा रोज समोर उघडी असते तिच्याबद्दल कुणी काहीही लिहावं आणि बाकीच्यांनी न वाचता पुढे ढकलावं, हे मला लागतं.

आधी मराठीचा मुद्दा घेतो, कारण तोच सगळ्यात चुकीचा आहे. मजकुरात पुरावा दिलाय की पर्लला 'मुंबई' या शब्दाची लांबी विचारली तर ती १५ सांगते. सांगते, खरं आहे. पण ती बाइट मोजते, म्हणजे संगणकाच्या साठवणीचे कप्पे. शब्दात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई असे पाच कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हं, आहेत आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात. फाईलच्या वर 'यूज यूटीएफ८' ही एक ओळ घातली की उत्तर ५ येतं. आणि आपण शाळेत अक्षरं मोजतो तशी मोजायची असतील, मुं-ब-ई, तर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सूत्रात, बॅकस्लॅश आणि मोठा एक्स लिहायचा. उत्तर ३. पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हाच शब्द नेहमीच्या पद्धतीने मोजला तर ५ येतो, आणि तिथल्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलमध्ये (तयार कोडच्या जोडभागात) ही एक्सची सोय नाही, वेगळं मॉड्यूल आणावं लागतं. पायथन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कसोटीवर पर्लला नापास केलंय, त्याच कसोटीवर ती पुढे आहे.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. जुन्या फॉन्टांत मजकूर जसा दिसतो तसा टाइप केलेला असतो, उच्चाराच्या क्रमाने नाही. 'कार्तिक' हा शब्द घ्या. फाईलमध्ये तो क, काना, पहिली वेलांटी, त, मग रफार, मग क असा पडलेला असतो. युनिकोडला र् हवा त च्या आधी आणि वेलांटी हवी त च्या नंतर. म्हणजे दोन चिन्हं उलट्या दिशांना हलवायची. मधे जोडाक्षर आलं, 'स्थिती'सारखं, तर वेलांटीने स् ओलांडून थ च्याही पलीकडे जायचं. पर्लमध्ये ही एका ओळीची अदलाबदल आहे. त्यात 'वाऱ्यावर'मधला ऱ कधी एका कोडपॉइंटचा येतो, कधी र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण अनुक्रमणिकेत शोधायला गेलं की जुळत नाहीत. त्यांना एकरूप करणारं मॉड्यूल पर्लसोबतच येतं, वेगळं आणावं लागत नाही.

आता पर्ल ६. ती २००० साली जाहीर झाली आणि पहिलं स्थिर व्हर्जन आलं २०१५ च्या नाताळात. मधली पंधरा वर्षं लोकांना वाटत राहिलं की चालू असलेल्या पर्ल ५ ची जागा सहा घेणार, मग पाचसाठी कशाला राबायचं? यात नुकसान झालं, मोठं झालं, आणि ते नाकारणारा माणूस खोटं बोलतोय. पण गोष्ट तिथे थांबत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पर्ल ६ चं नाव बदलून राकू ठेवलं, भाषेचा जनक लॅरी वॉल याच्या संमतीने. आज राकू आणि पर्ल ५, म्हणजेच आजची पर्ल, या दोन वेगळ्या भाषा आहेत. धाकट्याने वेगळं बिऱ्हाड केलं म्हणून थोरल्याच्या घराला कुलूप लागलं असं कुणी म्हणत नाही.

पर्ल ७ ची हकीकत तर मजकुरात उलटी सांगितली आहे. जून २०२० मध्ये घोषणा झाली तेव्हा बेत असा होता की कडक नियम आणि वॉर्निंग आपोआप चालू व्हाव्यात. नव्याने लिहिणाऱ्याला ते चांगलंच. पण जगभर वर्षानुवर्षं पडून असलेल्या, कुणी हात न लावलेल्या हजारो स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, त्या दिवशी बंद पडल्या असत्या. यावर जोरदार भांडणं झाली. त्या भांडणातून वर्षअखेरीस लिखित नियम आले आणि निवडून दिलेलं तिघांचं सुकाणू मंडळ आलं. त्या मंडळाने काढलेला मार्ग मे २०२२ च्या ५.३६ मध्ये दिसतो. फाईलच्या माथ्यावर 'यूज व्ही५.३६' लिहिलं की कडक नियम, वॉर्निंग, फंक्शनच्या कंसातच पॅरामीटर लिहायची सोय, सगळं एकदम चालू. नाही लिहिलं तर जुनी फाईल जुन्या पद्धतीने चालत राहते. सात हा आकडा आला नाही. त्यातलं लोकांना हवं होतं ते आलं, आणि कुणाचं काही न मोडता आलं.

'नवीन काही नाही' हे तर दोन मिनिटांत तपासता येतं. २०१० पासून दरवर्षी एक मोठं व्हर्जन निघतं. जुलै २०२३ च्या ५.३८ मध्ये क्लासची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या साच्याची, स्वतःची वाक्यरचना आली, अजून प्रायोगिक, पण आली. जून २०२४ च्या ५.४० मध्ये चूक झाली तर ती पकडून सावरणारं ट्राय-कॅच पक्कं झालं. जुलै २०२५ च्या ५.४२ मध्ये बाहेरून हाक न मारता येणाऱ्या खासगी मेथड, म्हणजे क्लासची आतली कामं, आल्या.

त्याच ५.४२ मधली एक गोष्ट मला या सगळ्यांहून मोठी वाटते. दोन गोष्टी जुळतात का ते बघणारं स्मार्टमॅच नावाचं एक चिन्ह २००७ मध्ये ५.१० सोबत आलं होतं. पुढे सगळ्यांना कळलं की ते फसलंय, कधी काय जुळेल याचा अंदाजच लागत नाही. ५.४२ मध्ये ते काढून टाकायचं ठरलं होतं. काढलंही होतं. मग निर्णय फिरवला: ठेवायचं, पण ज्याने वर 'यूज व्ही५.४२' लिहिलं त्याच्यासाठी बंद. माझ्या २०११ च्या एका फाईलमध्ये ते तीन ठिकाणी आहे. ती फाईल मी ५.४२ वर चालवली, चालली. स्वतःची चूकसुद्धा दुसऱ्याच्या गळ्यात न मारता निस्तरणं याला माझ्या मते जबाबदारी म्हणतात.

कधीच काही मोडलं नाही, असं मात्र नाही. मे २०१७ च्या ५.२६ ने चालू फोल्डरमध्ये मॉड्यूल शोधणं सुरक्षेसाठी बंद केलं. माझा फॉन्टचा तक्ता स्क्रिप्टच्या शेजारीच पडलेला, तो तिला सापडेना. अंक छपाईला जायचा होता, घाम फुटला. कारण कळल्यावर दुरुस्ती एका ओळीची निघाली.

'सांभाळायला कुणी नाही' म्हणणाऱ्यांना एप्रिल २०२५ आठवून देतो. अक्षरांच्या अदलाबदलीसाठी पर्लमध्ये 'टीआर' आहे. त्यात डाव्या बाजूला इंग्रजीपलीकडची अक्षरं आली तर ठरलेल्या मेमरीची हद्द ओलांडून लिहिलं जाण्याचा धोका सापडला. ५.३४ पासून ५.४० पर्यंतची व्हर्जनं त्यात सापडत होती. माझ्यासारख्याच्या तर नेमक्या वर्मावर, कारण माझ्या डाव्या बाजूला असतंच काय दुसरं? त्याच महिन्यात ५.४०.२ आणि ५.३८.४ दुरुस्तीसह बाहेर पडली. त्याआधी फेब्रुवारीत सीपॅनच्या सुरक्षा गटाला अशा त्रुटींना अधिकृत सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षात्रुटींचा जगभर चालणारा नोंदणी क्रमांक, द्यायचा अधिकार मिळाला होता. सीपॅन म्हणजे १९९५ पासूनचं मॉड्यूलचं भांडार, आज दोन लाखांहून जास्त मॉड्यूल असलेलं. मेलेल्या घरात रात्री कुणी दिवा लावत नाही.

आणि ही भाषा आपल्या वापरात नाही, असं वाटणाऱ्याने जरा खाली वाकून बघावं. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल बांधताना पहिली चालते ती पर्ल स्क्रिप्ट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला (कर्नलला) पाठवायचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासणारी स्क्रिप्ट पर्लमध्ये आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचं ईमेल पाठवणारं अंग पर्लमध्ये. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात पर्लचा गाभा अत्यावश्यक पॅकेजांत मोडतो. फोटोतली माहिती वाचणारं एक्झिफटूल पर्लमध्येच लिहिलेलं आहे.

वाचता न येण्याची तक्रार अर्धी खरी. माझाच २००९ चा कोड मला दोनदा वाचावा लागतो. पण तो मी तसा लिहिला होता. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या शेवटी बारका एक्स लावला की तुकडे वेगळ्या ओळींवर घेऊन प्रत्येकासमोर टिप्पणी लिहिता येते. माझ्या आत्ताच्या फाईलमध्ये त्या टिप्पण्या मराठीत आहेत: 'रफार उचल, व्यंजनाच्या आधी ठेव.' छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंनी त्या वाचून मला एक चूक दाखवली होती. त्यांना प्रोग्रामिंग येत नाही.

उलट्या बाजूनेही एक मजकूर फिरतो: सप्टेंबर २०२५ मध्ये टायोबी या प्रोग्रामिंग भाषांच्या लोकप्रियतेच्या यादीत पर्ल पहिल्या दहांत आली, म्हणजे बघा. तोही मी पुढे पाठवत नाही. ती यादी सर्च इंजिनांवरच्या उल्लेखांवरून बनते. त्यावरून भाषा जिवंतही ठरत नाही, मेलेलीही नाही.

राहता राहिल्या नोकऱ्या. अंधेरी-पवईच्या कंपन्यांत नव्या मुलाला कुणी पर्लसाठी घेत नाही, हे मला माहीत आहे. भाच्याला मी तेच सांगितलं: पोटासाठी पायथन किंवा जावा शिक, त्यात वाद नाही. पण तू पाठवलेल्या सात आरोपांपैकी एवढीच एक ओळ टिकते. बाकीच्या सहा खोडून मजकूर त्याच ग्रुपवर परत टाक, आणि कुणाकडे नव्या व्हर्जनवर बंद पडलेली जुनी स्क्रिप्ट असेल तर माझा नंबर दे. दिवाळीपर्यंत माझ्या रात्री छापखान्यातच जातात, त्यांची फाईलही तिथेच उघडून बघतो.